पाचवी चौकट

“गिळलं. परत गिळलं मेल्यानं!” काउंटरवाली कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत पुटपुटली. कुणाला उद्देशून नव्हे. दूध उतू गेलं की पातेल्याशी बोलतात तसं. समोर उभ्या असलेल्या गृहस्थांनी काय झालं म्हणून विचारलं. “काही नाही हो. चार माणसं घातली की गप बसतं. पाचवं घातलं आणि सेव्ह म्हटलं की पाचवं गायब. जसं काही नव्हतंच कधी. आत्ता बघा, तुमच्या सूनबाई गेल्या.” “सूनबाई गेल्या?” गृहस्थ म्हणाले, “घरी जाऊन खात्री करतो.” दवाखान्यात बसलेली दोन-चार माणसं हसली. काउंटरला लागून असलेल्या खुर्चीवर ती बसली होती. तीही हसली, आणि हसता हसता तिची नजर पडद्यावर गेली. पडद्याच्या माथ्यावर निळी पट्टी होती, पट्टीखाली एकाखाली एक चार पांढऱ्या चौकटी, आणि त्यांच्याखाली ‘आणखी एक व्यक्ती’ असं लिहिलेलं बटण. ते निळं तिनंच निवडलं होतं. ते बटण तिनंच तिथं बसवलं होतं. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. तिनं पर्स उघडली आणि तिच्यात नसलेली एक वस्तू शोधायला लागली.

शेजारी थोरली बसली होती. थोरली म्हणजे नवऱ्याची पहिल्या बायकोपासूनची मुलगी. घरात तिला थोरली म्हणत आणि हिच्या मुलाला धाकटा. रविवारी थोरली मावशीकडे जायची होती, कायमची. त्याआधी डोळे तपासून घ्यावेत ही कल्पना हिचीच. फळ्यावरचं दिसत नाही, डोकं दुखतं, असं पोरगी वर्षभर म्हणत होती आणि वर्षभर ते आज-उद्यावर गेलं होतं. मावशीकडे जायचं ठरल्यावर मात्र आठवडाभरात दात झाले, कानातला मळ झाला, दोन ड्रेस शिवून झाले, आज डोळे. मावशीनं नावं ठेवायला नकोत. उसनं आणलेलं पातेलं परत करताना आपण जरा जास्तच घासतो, हा विचार तिच्या मनात आला तेव्हा ती रिक्षात होती, आणि तिनं तो लगेच रिक्षावाल्याच्या मीटरकडे बघून घालवला होता.

नाव पुकारल्यावर दोघी काउंटरशी गेल्या. “हां, तुमचं काढून ठेवलंय,” काउंटरवाली म्हणाली. तिचा आवाज मोठा होता आणि स्वभाव चांगला. अशा माणसांपासून लपायला जागा नसते. “तुम्ही पण पाचच ना? मग मी काय करते सांगू का, सरळ दोन घरं करते. चौघांचं एक, उरलेल्याचं एक. हे बघा, तुम्ही, मिस्टर, सासूबाई, छोटा, हे एक कार्ड. आणि हिचं हे वेगळं. ही आपली एकटी. काही बिघडत नाही हो, डॉक्टर तेच, औषध तेच.” मग थोरलीकडे बघून, “तुझं स्वतंत्र घर आहे गं बाई. मजा आहे तुझी.” थोरली म्हणाली, “हो ना.” एवढंच. हसूनच म्हणाली. हिला काउंटरवालीला काही सांगता आलं असतं. अहो, हे पान मी केलंय, चूक माझी आहे, संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देते. जीभ टाळूपर्यंत गेलीही. पण तिनं विचारलं, “पैसे आत्ता द्यायचे की नंतर?”

थोरलीच्या डोळ्यांत औषध घातलं. बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागतो, डोळे मिटून बसा, म्हणाले. थोरली आतल्या खोलीत भिंतीशी डोळे मिटून बसली, आणि ही बाहेर जिन्याजवळच्या बाकावर. मिटलेल्या डोळ्यांची थोरली दाराच्या फटीतून दिसत होती. झोपलेली असतानासुद्धा आपण हिच्याकडे एवढा वेळ कधी पाहिलं नाही, असं तिला वाटलं. धाकट्याकडे तर झोपेत किती बघितलंय.

हे पान तिनं केलं त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हा कंपनी दोन खोल्यांत होती आणि ती नुकती टायपिंगवरून कोडवर आली होती. आली म्हणजे कुणी आणली नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या मुलाच्या खांद्यावरून बघत बघत, त्याच्या उष्ट्या कोडवर हात साफ करत, मुखपृष्ठ फाटलेल्या एका पुस्तकातून, आपली आपण आली होती. कुणी शिकवलेलं नसल्यामुळे तिला सगळं घरातल्या गोष्टींसारखं कळायचं. पान म्हणजे काय, तर विलक्षण विसरभोळं घर. तुम्ही बटण दाबलं की ते घर पाडलं जातं आणि सर्व्हरवर नव्यानं बांधलं जातं, दर वेळी, पायापासून. वापरणाऱ्याला वाटतं आपण त्याच घरात आहोत. ज्या चौकटी मूळ नकाशात आहेत त्या आपोआप उभ्या राहतात, त्यांची कुणाला काळजी करावी लागत नाही. पण जी चौकट मागाहून, कुणीतरी बटण दाबल्यावर, चालत्या घरात वाढवली, ती नकाशात नसते. ती दर बांधणीच्या वेळी आपण आठवणीनं उभी करायची असते, त्याच नावानं, त्याच जागी, आणि मुख्य म्हणजे वेळेवर. कारण पानानं जाताना प्रत्येकाचं होतं नव्हतं ते एका गाठोड्यात बांधून पोटाशी धरलेलं असतं, आणि घर उभं राहिलं की ते गाठोडं सोडून ज्याचं त्याला वाटतं. वाटप एकदाच होतं. त्या वेळी पाचवी चौकट उभी नसेल, तर पाचव्याची चीजवस्तू दारापर्यंत येते, या नावाचं इथं कुणी नाही असं बघते, आणि जाते. नंतर चौकट उभी केलीत तरी ती रिकामीच. पुष्कळांना वाटतं, माहिती हरवली. हरवत नाही ती. घ्यायला कुणी उभं नसतं.

हे तिला तेव्हाही पाठ होतं. नव्या मुलांना ती हेच सांगायची, अगदी गाठोड्यासकट, आणि मुलं म्हणायची, मॅडम, पुस्तकापेक्षा तुमचं बरं कळतं. मग तिच्याच पानात हे कसं राहिलं? तिनं ऑफिसात फोन लावला. पलीकडे खोडकाढी होती. कुणाच्याही कामातली खोड शोधून काढायची हा तिचा पगारी धंदा, म्हणून सगळे तिला खोडकाढी म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं.

“डोळ्यांच्या दवाखान्याचं ते जुनं पान उघड ना,” ही म्हणाली. “पाचवी व्यक्ती जातेय.”

“तू सुट्टीवर आहेस ना गं? सुट्टीत लोक झोपतात.”

“उघड.”

“उघडते, उघडते.” कीबोर्डाचा आवाज. कडकडून काहीतरी चावण्याचा आवाज. “अगं, हे तर तुझंच बाळ! आहा. काय पण बाळ. वाढीव चौकट तू उभी करतेस, पण अगदी शेवटी. सगळ्यांचं वाढून झाल्यावर. आता तिला काय मिळणार, कपाळ? अशी चूक तू करतेस? मला वाटायचं तू देवी आहेस.”

“घाईत झालं असेल.”

“घाईत झालं ते ठीक, पण तपासताना कसं नाही कळलं? थांब, तुझी तपासणीची माहिती अजून पडलीय इथं. तू घरचीच माणसं घालतेस नाही का नेहमी. हे बघ. तू, तुझा नवरा, सासूबाई, छोटा. झालं. बटण दाबलंच नाहीस तू. चारावरच थांबलीस.” चावण्याचा आवाज थांबला. “तेव्हा ती मोठी आली नव्हती का तुमच्याकडे?”

जिन्यावरून कुणीतरी चपला फटफटवत उतरलं.

“हॅलो?” खोडकाढी म्हणाली.

“आली होती,” ही म्हणाली.

“हं.” मग घाईघाईनं, “बरं, जाऊ दे. दोन ओळी वर सरकवायच्यात फक्त. मी करते. तू नको बघूस. जाऊ दे.”

जाऊ दे. घरातही हाच शब्द जोरात चालला होता. जेवताना नवरा म्हणाला होता, तिला तिकडे जावंसं वाटतंय तर जाऊ दे. सासूबाई म्हणाल्या, सख्खी मावशी आहे, जाऊ दे, आणि कॉलेजही जवळ पडेल. कॉलेज जवळ पडेल हे मग सगळेच म्हणायला लागले. शेजारीपाजारी, दूधवाला, धाकटासुद्धा. ताईला कॉलेज जवळ पडेल. एकदा वाक्य घडलं की त्याला चाकं फुटतात. नवरा तर एका संध्याकाळी अगदी जवळ येऊन, शर्टाच्या बटणाशी चाळा करत म्हणाला होता, “तू म्हणालीस तर राहील ती.” त्याच्या त्या बोलण्यात विनंती होती हे तिला कळलं होतं, आणि तिनं उत्तर दिलं होतं, “माझं काय, मी कुणाला अडवणारी कोण?” किती गोड वाक्य. कुठूनही पकडा, चूक सापडणार नाही. खोडकाढीलासुद्धा नाही.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी तेव्हा काम देताना विचारलं होतं, “चौकटी किती लागतील? साधारण घर केवढं असतं हो?” आणि ती ताडकन म्हणाली होती, “चार.” त्या दिवशी सकाळी तिनं पाच डबे भरले होते. पाचवा डबा नव्हता म्हणून बरणीच्या झाकणाचा जुना डबा काढला होता, आणि त्याचं झाकण नीट बसत नव्हतं म्हणून त्याला रबर लावलं होतं. ते रबर तिला आता स्पष्ट आठवलं, लाल, जाड. तरी ती म्हणाली चार. खोटं बोलावं म्हणून नाही. तिला खरोखरच चार दिसले. हेच तर लाजेचं होतं. वाईट वागलेल्या माणसाला निदान आपण वाईट वागलो हे ठाऊक असतं, रात्री कूस बदलायला काहीतरी असतं. हिनं कधी पोरीला हात लावला नव्हता, उपाशी ठेवलं नव्हतं, टोचून बोलली नव्हती. फक्त दर वेळी तिला नव्यानं आठवावं लागायचं. सिनेमाची तिकिटं काढताना, खुर्च्या मांडताना, लग्नाच्या आमंत्रणाला ‘आम्ही चौघं येऊ’ म्हणताना. धाकटा आपोआप असायचा. थोरलीला मनात उभी करायला एक क्षण लागायचा, आणि त्या क्षणात वाटप होऊन गेलेलं असायचं.

आणि मग काय करायची ती? आपलं द्यायची. आइस्क्रीम चारच आणली गेली की म्हणायची, मला नको, माझा घसा धरलाय. गाडीत जागा चारच धरल्या गेल्या की म्हणायची, मी बसनं येते. “स्वतःचं काढून देते हो पोरीला,” सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, “सख्खी आई करणार नाही.” तिच्या त्यागाची नातेवाइकांत ख्याती झाली होती. एका चुलत नणंदेनं तर तिच्यावरून आपल्या सुनेला बोल लावले होते. आणि थोरली? थोरली ते वितळत चाललेलं आइस्क्रीम हातात घेऊन बघायची. कधी म्हणाली नाही, तुम्ही घ्या. कधी म्हणाली नाही, मला नको. खायची सगळं, निमूट, काडीपर्यंत. हिला त्याचा राग यायचा. जरा आग्रह करून तर बघावं माणसानं. आता या बाकावर बसून तिला कळत होतं की पोरीनं दर वेळी मोजलेलं असणार. ज्याचं नाव विसरलं जातं त्याचं गणित पक्कं असतं.

पोरगी आली तेव्हा अकरा वर्षांची होती, घटस्फोटानंतर तोवर आईकडेच वाढलेली. आई दोन महिने दवाखान्यात होती, मग नव्हती. नवरा तिला स्टेशनवरून घेऊन आला. हातात उशी. बाकी सगळं सामान बापाच्या हातात आणि पोरीच्या हातात फक्त उशी, अभ्र्यावर छोट्या होड्या. दारातच बापानं सांगितलं, “ही तुझी आई बरं का आता.” पोरगी वर बघायला लागली. एखादं माणूस दारातल्या पाटीकडे बघतं तसं, वाचू की नको अशा नजरेनं. तिचे ओठ हललेसुद्धा होते. तेवढ्यात हीच पुढे होऊन, हसत, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली होती, “काकू म्हण गं. तुला सोपं पडेल. तुझ्या आईची जागा मी कशाला घेऊ?” सगळ्यांना ते किती आवडलं. नवऱ्याचे डोळे भरून आले. पोरीनं ओठ मिटले आणि म्हणाली, “बरं, काकू.” हिनं ते आजवर आपलं मोठेपण म्हणून जपलं होतं, कठीण दिवसांत काढून पुसूनसुद्धा ठेवलं होतं. आता पहिल्यांदा तिनं त्या ओठांकडे बघितलं. ते काय म्हणायला हलले होते?

तिनं बाकाची कड घट्ट धरली.

“झालं,” डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं. “लांबचा नंबर आहे, बराच. एवढे दिवस कशी भागवत होती कोण जाणे. घरी कुणाच्या लक्षात नाही आलं?” ही म्हणाली, “आता येईल ना चष्मा लवकर?” शनिवारी मिळेल, म्हणाल्या. आज उन्हाकडे बघायचं नाही, जवळचं वाचायचं नाही, हात धरून न्या.

हात धरून न्यायचं. रस्त्यावर ऊन पांढरं पडलं होतं. थोरली पायरीवरच थांबली, पापण्या गच्च, डोळ्यांतून पाणी. हिनं हात पुढे केला, आणि तो नेमका कुठं धरायचा हे तिला कळेना. धाकट्याचं मनगट तिच्या मुठीत न बघता यायचं. शेवटी थोरलीनंच चाचपत तिचं कोपर पकडलं. बोटं गार होती, आणि मोठी. एवढी मोठी बोटं कधी झाली हिची? दोघी कडेकडेनं चालायला लागल्या. इथे खड्डा आहे. इथे स्कूटर आहे. थांब, पायरी. एवढी वाक्यं एका दमात ती या पोरीशी कधी बोलली नव्हती, आणि प्रत्येक वाक्य उपयोगाचं होतं म्हणून तिला बरं वाटत होतं. सगळं घर अशा वाक्यांवर चालतं तर किती सोपं झालं असतं.

कोपऱ्यावर एका बंद दुकानाच्या ओट्यावर सावली होती. तिथं बसल्या. समोरून बसेस जात होत्या. रिक्षा मिळत नव्हती, किंवा तिनं हात केला नव्हता.

“ते पान,” ती म्हणाली, “दवाखान्यातलं. ते मी केलेलं आहे.”

“माहितीय,” थोरली म्हणाली. डोळे मिटलेलेच. “तुम्ही घरी बसून करत होतात तेव्हा. मी मागे अभ्यास करायचे.”

“आज दुरुस्त होईल. तुझं नाव येईल आमच्या कार्डावर.” बोलून झाल्यावर तिला आपलंच वाक्य ऐकू आलं. आमच्या. “आपल्या,” ती म्हणाली.

थोरली हसली. चेष्टेनं नव्हे, थकलेलं माणूस हसतं तसं. “आता कशाला काकू? रविवारी तर चाललेच मी.”

“नाही, म्हणजे तू येशीलच ना सुट्टीला. दिवाणावर तुझी जागा,” तिनं सुरुवात केली आणि तिला वाक्याचं पुढचं टोक सापडेना. मग ते घरातलं वाक्य तयार होतंच. चाकं लावलेलं, तेल घातलेलं. ती म्हणाली, “आणि तुला कॉलेज जवळ पडेल.”

“जवळ नाहीये ते,” थोरली म्हणाली. “दोन बसेस लागतात. इथूनच जवळ आहे. मी बघून आलेय.”

समोर एक बस थांबली, दोन माणसं उतरली, बस गेली. बाबांना माहीत आहे का, हे विचारावंसं वाटलं, पण त्याचं उत्तर तिला ठाऊक होतं. बाबांना माहीत होतं. सासूबाईंना माहीत होतं. रस्ते काय कुणी हलवले नव्हते. सगळ्यांनी मिळून एक कॉलेज उचलून मावशीच्या घराशेजारी नेऊन ठेवलं होतं, आणि जेवताना एकमेकांना ते दाखवत होते.

“मग बोलली का नाहीस?” तिनं विचारलं. आवाज चिडका आला. घाबरली की तिचा आवाज चिडका येतो.

“काय बोलणार होते? सगळे इतके खूश होते.”

“खूश कोण होतं? उगीच काहीतरी. अगं, तुझ्यासाठीच तर—”

“काकू, नका ना.” थोरलीनं तोंड फिरवलं, हिच्या दिशेनं, पण थोडं चुकलं, ती हिच्या खांद्याशी बोलत होती. पापण्यांखालून पाणी येत होतं, औषधाचं असेल. “आत्ता मला तुमचं तोंड दिसत नाहीये, म्हणून बोलून घेते. दिसलं की मला बोलता येत नाही. तुम्ही लगेच चांगल्या वागायला लागता.”

चांगलं वागायची नेहमीची धडपड हिच्या हातापायांत सुरू झालीच होती. पाण्याची बाटली काढावी, रुमाल द्यावा, रिक्षा बघावी. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले, लहान मुलासारखे.

“तुम्हाला मी नको होते,” थोरली म्हणाली. “आले तेव्हापासून. बाबांना ठाऊक आहे, आजीला ठाऊक आहे, आणि कुणी म्हणत नाही. त्याचं मला तितकं नाही वाटत. नको असतं माणूस एखाद्याला. मलापण एकदोन जणी नको आहेत वर्गात.” ती थांबली. नाक ओढलं. कोपरावरची बोटं मघापासून तिथंच होती, तिनं काढली नव्हती. “पण मला तुम्ही हव्या होतात.”